दप्तरी दाखल

लंडनच्या रॉयल सोसायटीत ११ डिसेंबर १८४५ रोजी एक हस्तलिखित येऊन पोचलं. ते मुंबईहून आलं होतं. पाठवणारा जॉन जेम्स वॉटरस्टन हा चौतिशीच्या आसपासचा स्कॉटिश माणूस, ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात भरती झालेल्या पोरांना शिकवण्याच्या नोकरीवर होता. वायू म्हणजे अखंड धावणाऱ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या असंख्य रेणूंचा समुदाय. त्यांच्या आदळण्यालाच आपण दाब म्हणतो आणि त्यांच्या धावण्यालाच उष्णता, हे त्याने गणिताने मांडलं होतं. आज बारावीच्या विद्यार्थ्याला वायूंचा गतिज सिद्धांत म्हणून जे शिकवतात, त्याचा कणा त्या कागदांत तयार होता. लेख छापून आला १८९२ मध्ये. मधल्या ४६ वर्षांत तोच सिद्धांत इतरांनी पुन्हा शोधला, वाढवला, आणि त्यांची नावं पाठ्यपुस्तकांत गेली.

अशा वेळी ‘तो काळाच्या पुढे होता’ असं म्हणून आपण मोकळे होतो. वॉटरस्टनबद्दल मला ते पटत नाही. १८४५ मध्ये या सिद्धांताला लागणारी सगळी सामग्री हजर होती. बरीचशी तर शंभर वर्षं आधीपासून होती. उणीव होती ती लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसाची.

शंभर वर्षांचं आधी सांगतो. १७३८ मध्ये स्ट्रासबर्गला डॅनियल बर्नूलीचा ‘हायड्रोडायनॅमिका’ हा ग्रंथ छापला गेला. पाण्याच्या प्रवाहांवरच्या या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात तो अचानक हवेकडे वळतो. एक उभं नळकांडं घ्या, वर वजन ठेवलेला दट्ट्या बसवा, आणि आत अतिसूक्ष्म कण सगळ्या दिशांनी वेगाने धावत आहेत अशी कल्पना करा. दट्ट्याला तोलून धरतात ते त्या कणांचे धक्के. जागा निम्मी केली की धक्के दुप्पट, म्हणजे दाब दुप्पट. बॉइलचा नियम हातात आला. कणांचा वेग वाढवला तर दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल, आणि हवा तापवणं म्हणजे हा वेग वाढवणं, हेही बर्नूलीने लिहून ठेवलं. कणांनी स्वतः व्यापलेल्या जागेचा हिशेबसुद्धा त्याने केला होता. एवढं सगळं काही पानांत सांगून तो पुढच्या विषयाकडे गेला, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्या पानांकडे कोणी फिरकलं नाही.

याला कारण होतं, आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त दाखवलं होतं की शेजारचे कण एकमेकांना अंतराच्या व्यस्त प्रमाणात दूर ढकलत असतील, तरी बॉइलचा नियम निघतो. न्यूटनने ते गणितातली एक शक्यता म्हणून मांडलं होतं. वाचणाऱ्यांनी ते वस्तुस्थिती म्हणून घेतलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यावर कॅलरिकची भर पडली. कॅलरिक म्हणजे उष्णतेचा सूक्ष्म, वजनरहित द्रव. तो पदार्थात शिरला की पदार्थ तापतो, आणि त्याचे कण एकमेकांना दूर लोटत असल्यामुळे वायू फुगतो. लाव्हाझियेने या द्रवाला मूलद्रव्यांच्या यादीत जागा दिली. ही कल्पना लंगडी नव्हती. न्यूटनने काढलेला ध्वनीचा वेग प्रत्यक्षापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी भरत होता. १८१६ मध्ये लाप्लासने तो दोष दूर केला, आणि लाप्लास स्वतः कॅलरिक मानणारा होता. ज्या कल्पनेने असे हिशेब जुळतात ती सोडायला कोणी सहजासहजी तयार होत नाही. म्युनिकच्या तोफखान्यात तोफांना भोक पाडताना उष्णता संपतच नाही, हे काउंट रमफर्डने १७९८ मध्ये दाखवून दिलं, तरी कॅलरिक टिकून राहिलं ते यामुळेच.

तरी दार पुन्हा ठोठावलं गेलं. ब्रिस्टलचा जॉन हेरापथ हा स्वतःच्या बळावर शिकलेला माणूस. १८२० मध्ये त्याने धावत्या कणांचा सिद्धांत रॉयल सोसायटीकडे पाठवला. हम्फ्री डेव्ही त्याच वर्षी अध्यक्ष झाला होता. उष्णता म्हणजे गती असं डेव्हीचंही मत होतं, पण हेरापथच्या गणिताला त्याने आधार दिला नाही. हेरापथने लेख परत घेतला आणि १८२१ मध्ये ‘ॲनल्स ऑफ फिलॉसॉफी’ या मासिकात छापून आणला. त्याच्या मांडणीत एक मोठा दोष होता. तापमान हे कणाच्या वस्तुमान गुणिले वेगाशी जोडायचं, असं त्याने ठरवलं. ते वेगाच्या वर्गाशी, म्हणजे ज्याला आज आपण गतिज ऊर्जा म्हणतो तिच्याशी, जोडायला हवं होतं. पुढे हेरापथ रेल्वेवरच्या नियतकालिकाचा संपादक झाला. ही दुरुस्ती करणारा माणूसही रेल्वेच्या कामातूनच वर आला, हा योगायोग मला लक्षात ठेवण्याजोगा वाटतो.

वॉटरस्टनचा जन्म १८११ चा, एडिनबरोचा. वडिलांचा लाखेचा आणि लेखनसाहित्याचा धंदा, घरात नऊ मुलं, हा सहावा. शाळेनंतर तो स्थापत्य अभियंत्यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला आणि त्याच वेळी विद्यापीठात जॉन लेस्ली यांची व्याख्यानंही ऐकू लागला. एकोणीस वर्षांचा असताना त्याने गुरुत्वाकर्षणावर लेख छापला: दुरून ओढणारं बळ मानायचं नाही, सगळं कणांच्या गतीतून आणि धडकेतून उभं करायचं. तेव्हापासून हा विचार त्याने सोडला नाही. पुढे लंडनला येऊन त्याने रेल्वेच्या मोजणीचं काम केलं, मग नौदलाच्या जलालेखन विभागात लागला. त्या विभागाचा प्रमुख कॅप्टन फ्रान्सिस ब्युफर्ट, वाऱ्याचा जोर मोजण्याची श्रेणी ज्याच्या नावाने आजही चालते तोच. संशोधनाला वेळ मिळेल अशी नोकरी वॉटरस्टनला हवी होती. ब्युफर्टच्या सुचवण्यावरून १८३९ मध्ये तो मुंबईला आला, आणि १८५७ पर्यंत इथेच राहिला.

वॉटरस्टनच्या चरित्रात मुंबईचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. ही मुंबई मोजमापांना नवखी नव्हती. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. १८४१ पासून तिथे चुंबकीय निरीक्षणं नियमाने होऊ लागली आणि ती एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक ऑर्लीबार यांच्या देखरेखीखाली होती. केरो लक्ष्मण छत्रे, पुढे ज्यांना सगळा महाराष्ट्र केरूनाना म्हणून ओळखू लागला, ते विशीही गाठली नसताना याच वेधशाळेत कामाला लागले. वॉटरस्टनहून जेमतेम वर्षभराने लहान असलेले बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि खगोल शिकवत होते. ‘दर्पण’ काढून त्यांना सात वर्षं झाली होती आणि १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केलं. म्हणजे वॉटरस्टन ज्या शहरात कंपनीच्या मुलांना नौकानयनाचं गणित शिकवत होता, त्याच शहरात पहिली मराठी पिढी पाश्चात्त्य विज्ञान मराठीत आणत होती. ग्रँट कॉलेजच्या ग्रंथालयात वॉटरस्टनचं वाचन चाले. पण सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा लेख तपासायचा, छापायचा, त्याला मान्यता द्यायची, हे सगळं लंडनच्याच हातात होतं, आणि तिथे टपाल पोचायलाच महिना-दीड महिना लागे.

पहिलं पाऊल त्याने उलटं टाकलं. १८४३ मध्ये एडिनबरोला त्याचं एक पुस्तक छापलं गेलं, लेखकाच्या नावाशिवाय. विषय होता माणसाच्या मानसिक व्यापारांचा. मेंदू आणि मज्जातंतूंचं काम रेणूंच्या गतीतून समजावण्याच्या ओघात त्याने वायूंचा आपला सिद्धांतही त्यात घालून ठेवला. मनाच्या व्यापारांवरचं निनावी पुस्तक कोणता भौतिकशास्त्रज्ञ उघडणार? त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. दोन वर्षांनी त्याने वायूंचं प्रकरण सुटं काढलं, पुन्हा पायापासून बांधलं आणि रॉयल सोसायटीकडे धाडलं.

त्या लेखात नेमकं काय होतं ते बघायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. वायूतल्या रेणूंच्या हालचालीसाठी वॉटरस्टनने उन्हाच्या तिरिपेत घोंघावणाऱ्या चिलटांच्या थव्याचं चित्र वापरलं. प्रत्येक रेणू सरळ धावतो, दुसऱ्यावर आदळतो, दिशा बदलतो, पुन्हा धावतो. कॅरमच्या सोंगट्या घर्षणाने थांबतात. या सोंगट्या कधीच थांबत नाहीत, कारण धडकेत ऊर्जा वाया जात नाही. अशा समुदायाचा भिंतीवरचा दाब रेणूंची संख्या, त्यांचं वस्तुमान आणि त्यांच्या वेगाचा सरासरी वर्ग, या तिन्हींच्या प्रमाणात असतो. तापमान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. हेरापथची चूक इथे दुरुस्त झाली.

पुढची पायरी मात्र कोणीच चढलेलं नव्हतं. दोन वेगळे वायू एकमेकांत मिसळले तर काय होईल? जड रेणू हळू, हलके रेणू जलद धावू लागतील, आणि सतत आदळून आदळून अशी स्थिती येईल की दोन्ही प्रकारच्या रेणूंची सरासरी ऊर्जा सारखी होईल. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूहून सोळापट जड, म्हणून एकाच तापमानाला हायड्रोजन चौपट वेगाने धावणार. त्यावरून वॉटरस्टनने म्हटलं की दोन वायू दाबाने आणि उष्णतेने समतोल असतात तेव्हा एकक घनफळातली रेणूसंख्या दोघांत सारखी असते आणि प्रत्येक रेणूची ऊर्जाही सारखी असते. ऊर्जेच्या समविभाजनाचा हा पहिला उच्चार. शिवाय ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये नुसत्या तर्काने मांडलेलं गृहीतक, ज्याला तोवर रसायनशास्त्रात कोणी फारशी किंमत देत नव्हतं, ते इथे यांत्रिकीच्या नियमांतून आपोआप खाली पडलं. वायू एकमेकांत किती वेगाने पसरतात याचा थॉमस ग्रॅहमने प्रयोगाने शोधलेला नियमही त्यातूनच निघतो.

लेख निर्दोष नव्हता. सगळ्या रेणूंचा वेग सारखा नसतो, तर कोणत्या वेगाचे किती, याचं गणित त्यात नव्हतं. विशिष्ट उष्म्यांच्या, म्हणजे वायू स्थिर दाबाला आणि स्थिर घनफळाला तापवायला लागणाऱ्या उष्णतांच्या, गुणोत्तरात आकडेमोडीची एक चूक होती. उंची वाढेल तसं वातावरण थंड का होतं, याचा लावलेला हिशेब पुढे टिकला नाही. भाषाही वाचकाला सोपी नव्हती; आपल्या कल्पनांसाठी त्याने स्वतःच शब्द घडवले होते. दोष मान्य करूनही हा शतकातल्या मोठ्या लेखांपैकी एक आहे, असं मला ठामपणे वाटतं.

लेखक सोसायटीचा सदस्य नव्हता, म्हणून लेख ब्युफर्टमार्फत आला. ५ मार्च १८४६ रोजी तो सभेपुढे वाचला गेला आणि परीक्षणाला दोघांकडे गेला. एक बेडन पॉवेल, ऑक्सफर्डमधला भूमितीचा प्राध्यापक. स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलचा बाप. त्याने लिहिलं की दाब रेणूंच्या धक्क्यांतून येतो हे मूळ गृहीतकच मान्य करायला अवघड आहे आणि त्यावर गणिती सिद्धांत उभा राहू शकत नाही. दुसरा सर जॉन लबक, बँकर, भरती-ओहोटीच्या गणितातला जाणकार, सोसायटीचा खजिनदार राहिलेला. १८४० मध्ये त्याने स्वतः बाष्पांच्या उष्णतेवर पुस्तक लिहिलं होतं. त्याचा शेरा असा की हा लेख निव्वळ मूर्खपणा आहे, सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही.

दोघेही अडाणी नव्हते. लबक तर या विषयातला अधिकारी मानला जाई, आणि मला अस्वस्थ करतं ते हेच. ज्याला विषयाची काही माहिती नाही त्याने कदाचित लेख पुढे ढकलला असता. ज्याने आयुष्य एका चौकटीत काम केलं त्याला चौकटीबाहेरचं वाक्य चुकीचंच दिसलं.

यानंतर सोसायटीचा एक नियम आडवा आला. सभेपुढे वाचला गेलेला लेख सोसायटीचा होतो, तो लेखकाला परत मिळत नाही. वॉटरस्टनने मुंबईहून पाठवताना प्रत ठेवली नव्हती. नाकारलेला लेख दप्तरात गेला आणि लेखकाच्या हातात काही राहिलं नाही. सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याचा छोटा सारांश तेवढा छापला गेला.

त्याच वसंतात एडिनबरोमध्ये काय घडत होतं ते इथेच नोंदवतो. वॉटरस्टनचा लेख लंडनमध्ये वाचला गेल्यानंतर महिनाभराने, ६ एप्रिल १८४६ रोजी, एडिनबरोच्या रॉयल सोसायटीत अंडाकृती वक्रांवरचा एक लेख प्राध्यापक जेम्स फोर्ब्स यांनी वाचून दाखवला. लेखक चौदा वर्षांचा होता, म्हणून तो स्वतः वाचू शकत नव्हता. त्याचं नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल. एकाच गावचे हे दोघे. मुलाच्या मागे त्याचे वडील आणि फोर्ब्ससारखा विषय समजणारा प्राध्यापक होता. मुंबईच्या शिक्षकामागे एक भला आरमारी अधिकारी होता, ज्याला लेखाची बाजू लढवता येण्यासारखी नव्हती. चौदा वर्षांनी हाच मॅक्सवेल वायूंच्या गतिज सिद्धांताचा मोठा आचार्य ठरला. त्या सिद्धांताचा इतिहास सांगताना त्याने बर्नूलीचं नाव घेतलं, हेरापथचंही घेतलं. वॉटरस्टनचं नाव त्याने घेतलं नाही.

पुढची पावलं झपाझप पडली. १८४८ मध्ये मँचेस्टरच्या ज्यूलने हेरापथच्या धर्तीवर हिशेब करून हायड्रोजनचा कण सेकंदाला सुमारे ६००० फूट धावतो असं सांगितलं. ज्यूलचा स्वतःचा हवेच्या संपीडनावरचा लेखही रॉयल सोसायटीने नाकारलेला होता. १८५१ मध्ये इप्सविचच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात वॉटरस्टनने आपल्या सिद्धांताचा गोषवारा पाठवला, त्यात ऊर्जेच्या समानतेचा नियम स्पष्ट होता. रँकिन आणि हेल्महोल्ट्झ यांनी त्याची थोडी दखल घेतली. १८५६ मध्ये जर्मनीत क्रोनिगने एक साधी मांडणी केली. १८५७ मध्ये रुडॉल्फ क्लॉसियसने मोठा निबंध लिहिला. डच शास्त्रज्ञ बायस बॅलटने विचारलं, रेणू इतक्या वेगाने धावतात तर खोलीतला धूर इतक्या सावकाश का पसरतो? उत्तर म्हणून क्लॉसियसने १८५८ मध्ये दाखवलं की रेणूला दोन धडकांच्या मध्ये अगदी थोडंच अंतर सरळ जायला मिळतं. १८५९ मध्ये मॅक्सवेलने ॲबरडीनला वेगांच्या वाटणीचा नियम सांगितला. विषय बांधून उभा राहिला.

आता प्रश्न येतो की १८४६ मध्ये तो लेख छापला गेला असता तर काय झालं असतं? अशा प्रश्नांत कल्पना भरकटते, म्हणून नोंदींना धरूनच चालतो.

क्लॉसियसने १८५७ च्या निबंधात सांगितलं आहे की हे विचार त्याच्या मनात १८५० च्या आधीपासून होते. उष्णतेवरच्या पहिल्या लेखात त्याने ते मुद्दाम बाजूला ठेवले, कारण सर्वसाधारण तत्त्वांतून येणारे निष्कर्ष आणि रेणूंच्या एखाद्या विशिष्ट चित्रातून येणारे निष्कर्ष त्याला एकत्र करायचे नव्हते. म्हणजे एक समर्थ माणूस सिद्धांत हातात धरून सात वर्षं थांबला होता. ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापलेला लेख त्याच्यासमोर असता तर त्याला तेवढं थांबावं लागलं नसतं.

मला त्याहून जास्त चुटपुट लागते ती रसायनशास्त्राची. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले होते, कारण अणुभारांचा पुरता गोंधळ उडाला होता. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक अणू की दोन, यावरही एकमत नव्हतं. कानिझ्झारोने तिथे ॲव्होगाड्रोचं जुनं गृहीतक पुन्हा पुढे आणलं आणि हळूहळू गाठी सुटू लागल्या. त्या गृहीतकाला यांत्रिकीचा आधार वॉटरस्टनच्या लेखात १८४५ मध्येच होता, आणि तो लेख लंडनमध्ये दप्तराच्या गठ्ठ्यात बांधलेला होता. ॲव्होगाड्रो वारला १८५६ मध्ये, आपलं गृहीतक दुसऱ्या रस्त्याने सिद्ध झालं आहे हे त्याच्या कानावर न जाता. रसायनशास्त्रज्ञ भौतिकशास्त्राचं ऐकतातच असं नाही, हे खरं. पण ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असावेत असा युक्तिवाद १८५७ मध्ये क्लॉसियसने याच वाटेने केला आणि तो ऐकला गेला. अकरा वर्षं आधी ऐकला गेला नसता, असं मानायला मला आधार दिसत नाही.

काही गोष्टी मात्र लवकर आल्या नसत्या. वेगांच्या वाटणीचं मॅक्सवेलचं गणित संख्याशास्त्राच्या ज्या विचारातून आलं, तो विचार इंग्रजी वाचकांपुढे ठळकपणे आला जॉन हर्शेलच्या १८५० च्या लेखातून. त्याआधी वॉटरस्टनला किंवा दुसऱ्या कोणाला ते सुचणं अवघडच होतं. रेणू खरोखर आहेत याचा डोळ्यांना पटणारा पुरावा पेरँच्या प्रयोगांनी १९०८ च्या सुमारास दिला. त्याला आइन्स्टाइनचं १९०५ चं गणित लागलं. ते गणित ज्या थरथरीचं होतं ती, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची थरथर, तर रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्येच पाहिली होती. मोजलेले विशिष्ट उष्मे सिद्धांताशी न जुळण्याचं कोडं, जे मॅक्सवेलला १८५९-६० मध्ये छळू लागलं आणि जे क्वांटम विचाराशिवाय सुटलं नाही, ते दहा-बारा वर्षं आधी टेबलावर आलं असतं. त्यामुळे क्वांटम लवकर आलं असतं असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

वॉटरस्टन मात्र थांबला नव्हता. १८५३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या हलच्या अधिवेशनात त्याचा सूर्याच्या उष्णतेवरचा विचार मांडला गेला: आकाशातलं द्रव्य सूर्यावर कोसळत राहतं आणि त्या धडकेतून उष्णता निर्माण होते. विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्विन, याने पुढच्याच वर्षी हा विचार उचलून धरला आणि वॉटरस्टनचं नाव घेऊन श्रेय दिलं. मुंबईच्या उन्हात त्याने सूर्याच्या प्रारणाची मोजमापंही केली. उन्हाच्या तडाख्याचा त्रास मात्र त्याला पुढे आयुष्यभर पुरला, भोवळ येई. १८५७ मध्ये नोकरी सोडून तो स्कॉटलंडला परतला आणि साठवलेल्या पैशांवर साधेपणाने राहून लिहीत राहिला. १८५८ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये ध्वनीवर लेख लिहिताना त्याने रॉयल सोसायटीच्या दप्तरात पडलेल्या आपल्या लेखाकडे बोट दाखवलं. कोणी तो काढून पाहिला नाही. १८७८ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याचे दोन लेख नाकारले आणि त्याने ती संस्था सोडली. विद्वत्सभांचा विषय निघाला की तो तिरस्काराने बोले, अशी आठवण पुतण्याने सांगितली आहे. १८ जून १८८३ रोजी तो एडिनबरोच्या घरून फिरायला निघाला आणि परत आला नाही. भोवळ येऊन तो लीथच्या बाजूला पाण्यात पडला असावा, असा समज आहे.

आठ वर्षांनी लॉर्ड रॅलीच्या हातात तो १८५८ चा ध्वनीवरचा लेख आला. ध्वनीशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिणारा हा माणूस त्या वेळी रॉयल सोसायटीचा सचिव होता. उल्लेख दिसताच त्याने दप्तर उघडायला लावलं, हस्तलिखित वाचलं आणि १८९२ मध्ये स्वतःची प्रस्तावना जोडून ते ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापलं. चुका त्याने दाखवल्या, मोठेपणही दाखवलं. लेख वेळेवर न छापल्याने या विषयाची प्रगती बहुधा दहा-पंधरा वर्षं मागे पडली, असं त्याने लिहिलं. १९२८ मध्ये वॉटरस्टनचे सगळे लेख चरित्रासह प्रसिद्ध करणारा शरीरशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन याचं मत याहून कडक होतं: सोसायटीच्या दीर्घ इतिहासात विज्ञानाचं इतकं नुकसान करणारी दुसरी चूक बहुधा झालेली नाही.

रॅलीने प्रस्तावनेत तरुणांना एक सल्लाही दिला. मोठी झेप घेण्याआधी अनोळखी लेखकाने छोट्या, सहज तपासता येणाऱ्या कामातून आपलं नाव करून घ्यावं. त्याला स्वतःला नावाची किंमत चांगली माहीत होती. काही वर्षांपूर्वी ब्रिटिश असोसिएशनकडे पाठवलेल्या त्याच्याच एका लेखावरून चुकून नाव गळलं, तर परीक्षकांनी तो कुणा चक्रमाचा समजून बाजूला टाकला. लेखक कोण ते कळल्यावर त्यात गुण दिसू लागले. हे अनुभवलेल्या माणसाने लेखकांना सल्ला द्यावा आणि परीक्षकांना देऊ नये, हे मला खटकतं. वॉटरस्टन चौतीस वर्षांचा होता, पंधरा वर्षं तो या विषयाचा विचार करत होता, हजारो मैलांवर एकटा बसून लिहीत होता. आधी लहान कामांनी नाव कमवून मग हा लेख पाठव, असं त्याला सांगणं म्हणजे हा लेख लिहूच नकोस असं सांगण्यासारखं होतं.

लेख छापला गेला तेव्हा त्याचं महत्त्व ज्यांना पुरतं उमजलं असतं त्यांतले बहुतेक जण उरले नव्हते. हेरापथ १८६८ मध्ये गेला, मॅक्सवेल १८७९ मध्ये, क्लॉसियस १८८८ मध्ये, ज्यूल १८८९ मध्ये. पॉवेल आणि लबक हे दोघे परीक्षक १८६५ पर्यंत वारले होते. ज्याच्या नावावर हा विषय थोडाफार उभा होता असा एक मोठा माणूस मात्र हयात होता: विल्यम थॉमसन. वॉटरस्टनच्या लेखाचा सारांश सोसायटीच्या कार्यवृत्तात १८४६ पासून छापलेला होता, आणि थॉमसनने १८५४ मध्ये सूर्याच्या उष्णतेसाठी याच वॉटरस्टनला श्रेय दिलेलं होतं. हा माणूस आणखी काय लिहून बसला आहे, एवढं त्याने तेव्हा विचारलं असतं तर दप्तर अडतीस वर्षं आधी उघडलं असतं. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष तोच होता.